इशिताचं इयर सेव्हन

१३ जून
धाकटी बहीण भक्ती इंग्लंडातल्या लीड्सहून कायमची परतली. तारकर्लीत होमस्टे काढणार. तोवर मुक्काम आमच्याकडे. तिची मुलगी इशिता, वय बारा, तिकडे 'इयर सेव्हन' करून आली. ॲडमिशन मी अंगावर घेतली. सेव्हन झालं, म्हणजे आठवी. पाच मिनिटांचं काम. भक्ती म्हणाली, दादा, तू मधी पडू नको. दमली असेल प्रवासाने.

१६ जून, दुपारी १२
शाळेत गेलो. हेडबाई आनंदीबाईंनी जन्मतारीख पाहिली आणि सातवी लिहिली. म्हणाल्या, त्यांचं इयर सेव्हन म्हणजे आपली सहावी. तिकडे मूल पाच वर्षांचं झालं की पहिलीत बसतं, आपल्याकडे सहाचं झालं की. मी म्हटलं, सात म्हणजे सात. मालवणात काय, लीड्समध्ये काय. बत्तीस वर्षं एस.टी.त कंट्रोलर होतो, सातची गाडी मी सहाला सोडलेली नाही. त्या हसल्या. फॉर्म उचलून घरी आलो. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१७ जून
इशिता पडवीत बसून. दोनदा विचारलं, शाळा कधी. उद्या, म्हटलं.

१८ जून
तिसऱ्यांदा विचारलं. अभ्यास चालू होता माझा.

१९ जून
जगातल्या इयत्तांचा तक्ता केला. इशिताने मोबाईलवर शोधून दिलं. अमेरिकेत तिच्या वयाची मुलं यंदा सिक्स्थ ग्रेड संपवून बसलीत. अमेरिका खोडली. न्यूझीलंडमध्ये मात्र याच वयाला इयर एट. न्यूझीलंड अत्यंत प्रगत देश आहे.

२० जून
तक्ता आनंदीबाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, गुरुदासराव, ही शाळा न्यूझीलंडात नाही. उपोषणाचा इशारा देऊन बाहेर पडलो. भक्ती शाळेच्या पायऱ्या चढत होती. मला पाठिंबा वाढतोय.

२३ जून, सकाळी १०
गेटसमोर उपोषण सुरू. दोन वेण्या घातलेली, गणवेशातली एक मुलगी छत्रीखालून 'हाय मामा' म्हणून गेली. विद्यार्थीही माझ्या बाजूने.

१०.५०
बायको संचिता आली. म्हणाली, घावणे थंड होतत, येतास काय थंयच बसतास? जाऊन, खाऊन आलो. याला साखळी उपोषण म्हणतात.

२४ जून
आनंदीबाईंनी चहाला आत बोलावलं. वाटलं, माघार घेतायत. त्यांनी हजेरीपट दाखवला. भक्तीने शुक्रवारीच सातवीचा फॉर्म भरलाय. शनिवारपासून इशिता वर्गात. कालची छत्रीवालीही तीच. चष्मा घरी राहिला होता.

खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या बाकावर इफ्रा नावाच्या मुलीशेजारी बसून तोंडावर हात धरून हसत होती. आमच्या पडवीत आठवडाभर ती एकदाही अशी हसली नव्हती. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

सुट्टीत बाहेर आली. आईकडून शिकलेल्या मालवणीत हळूच म्हणाली, मामा, माका हंयच बरा वाटता. तू आता घराक जा, सगळी बघतत.

सायंकाळी ५
उपोषण मागे घेतलं. मागणी एकच होती, पोरीला शाळा मिळावी. मिळाली. पूर्ण विजय. संचिताला तसं सांगितलं. ती म्हणाली, बरा झाला, आता तेवढे नारळ सोलून देवा.