घरघरणारं मशीन ठेव

ऐक ना,

तुला उठवलं नाही, आज माझी सकाळची ड्युटी आहे. दुकानातला माणूस काल वापरून बघायला ठेवलेल्या दोन व्हॅक्यूम क्लीनरपैकी एक परत न्यायला दुपारी येईल. तुला आवडलेलं बिनआवाजाचं त्याला देऊन टाक आणि ते घरघरणारं ठेव. आईंना मध्ये पडू देऊ नकोस, काल त्यांनी त्या बिचाऱ्याकडून दोन्ही मशीननी घरातले सगळे पडदे साफ करून घेतले.

बिनआवाजाचं जास्त चांगलं आहे, मला मान्य आहे. धूळ जास्त ओढतं, वायर पायात येत नाही. तरी नको.

काल त्याने आपल्या जुन्या मशीनची पिशवी काढली, तर ती जवळजवळ रिकामी निघाली. तू खुशीत म्हणालास, बघा, आमच्या घरात धूळच नाही. मीही हसले. पण रोज संध्याकाळी मी ते मशीन छोट्या खोलीत किती वेळ चालवते, हे तू ऐकतोस. पाळणा परत केल्यापासून तिथे कोणी पाऊल टाकत नाही, मग रोज साफ काय करायचं असतं? आईंना वाटतं, मला स्वच्छतेचं खूळ लागलंय. वाटू दे. त्यांच्यासमोर मला रडता येत नाही. तुझ्यासमोरही नाही, तू लगेच पाणी आणायला पळतोस.

भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे.

संध्याकाळी मशीन एकाच जागी घरघरत राहिलं, तर दार ढकल. कडी मी कधीच लावत नाही. पाणी आणू नकोस.