तंबोऱ्यातली वाळू

जालना, १४ मे १९५५. संध्याकाळ.

मीच मूर्ख. गायनवर्गाचा एकुलता एक तंबोरा शेजारच्या शेठाणीला मारवाडात न्यायला दिला. तिथल्या वाळवंटात दिवसभराची सहल, टेकाडावर बसून गायची हौस! आज परत आला तो भोपळ्याला तडा, आत वाळू. शेठाणी वर म्हणते,

"नवा घेऊन देते ना, बाई! गावाकडं आमचे घरचे गवई हायत, पिढ्यान्‌पिढ्या धान्य आमचंच खातात. मंग तुमी बी आमच्याच. फक्त आमच्या पोरींना शिकवा, बाकीच्या बंद."

अर्थशास्त्र शिकलेली मी, फुकट काहीच मिळत नाही हे ठाऊक असूनही "विचार करते" म्हणाले. असं मी कधी म्हणत नाही. पण दुसरा तंबोरा आणू कुठून? हा हलवला की वाळू खुळखुळते. उद्या वर्गाला आठ जणी येतील. कोणाला दारातून परत पाठवू? छे, कोणालाच नाही. तंबोऱ्याऐवजी षड्ज मीच धरून बसेन. गळा किती दिवस टिकेल?