मंत्रिमहोदयांच्या सत्काराबद्दल

तारिहा, २६ ऑगस्ट

आन्सेल्मोदादा,

आम्ही सगळे ठीक आहोत, असं सुरुवातीला लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. द्राक्षवेलींची छाटणी उरकली. ऑगस्ट सरत आला तरी आपल्याकडची थंडी हटत नाही, तिनं आईचे गुडघे धरलेत. माझ्या लूसमिलाला मुलगी झाली. नाव ठेवायला मामाची वाट बघू नका, असं मीच सांगितलं.

तू परराष्ट्रमंत्री झाल्याचं रेडिओवर ऐकलं. चौकात कमान उभी राहतेय. नगराध्यक्ष स्वतः घरी येऊन गेले. सान रोकेच्या सणात तुझा सत्कार आहे आणि व्यासपीठावर मी तुझ्याशेजारी बसावं, अशी तुझी इच्छा असल्याचं म्हणाले. वर हेही, की माझ्या नवऱ्याचा विषय निघालाच तर 'आजारपणात गेले' एवढंच बोलावं. हा निरोप तुझाच. शब्द निवडायची तुझी सफाई मी ओळखते.

आजारपण? बैलासारखा धडधाकट होता रुफिनो. तुझ्या पहिल्या निवडणुकीत खांद्यावर भोंगा घेऊन त्यानं डोंगरातली गावं पालथी घातली. तू खाणकामगारांवर बोलायला लागलास की गर्दीत उभा राहून रडायचा. पुढं जनरल सत्तेवर आले, तुझे सोबती तुरुंगात गेले, आणि तू राजदूत होऊन सीमेपलीकडे गेलास. मी तोंड उघडलं तर रुफिनो माझ्यावरच चिडला. म्हणाला, आन्सेल्मो आत राहून आपलंच काम करतोय.

म्हणून तर पोलीस मागे लागल्यावर तो सीमा ओलांडून तुझ्या दारात आला.

गेल्या महिन्यात कासियानो सुटून आला. रुफिनोच्याच कोठडीत होता तो. त्यानं सगळं सांगितलं. तू रुफिनोला स्वतःच्या हातानं कॉफी दिलीस. म्हणालास, "बस निवांत. इथं तुला कोण हात लावतो ते बघतो मी." मग एक फोन करून येतो म्हणून आत गेलास. कॉफी संपायच्या आत माणसं आली. त्यांनी त्याला सीमेवर नेऊन आपल्या शिपायांच्या हवाली केलं. कोठडीत जीव जाईपर्यंत तो कासियानोला बजावत होता, की आन्सेल्मोला कुणीतरी फसवलं असणार.

तुझ्याबद्दल वाईट ऐकून घ्यायला तो कधीच तयार नव्हता. आता तो नाही. मी आहे.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल ती तुझ्या आवडत्या साइसेच्या तिखट रश्श्यासाठी पाट्यावर मिरच्या वाटायला बसली, ते मला बघवेना. सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत. वाटता वाटताच म्हणाली, "त्या दिवशी व्यासपीठावर तुझ्या खुर्चीत मला बसव."

कशाला, मी विचारलं.

"सगळ्यांसमोर विचारते त्याला, रुफिनोचं काय केलंस म्हणून. माझ्याशी खोटं बोलताना तो लहानपणापासून कान खाजवतो. लोकांनाही दिसू दे."

मंत्र्यांची आई येणार, असं मी नगराध्यक्षांना कळवलंय. खूश झालेत बिचारे. माइक तिच्या उंचीला लावून देतो म्हणाले.

तू ये. आई वाट बघतेय, आणि या खेपेला मीसुद्धा.

रुफिनोची,
उबाल्दिना