शेगडी धुराड्याला जोडताना

४ नोव्हेंबर

लाकडं जाळायची लोखंडी शेगडी आली! हमालांनी दारात टेकवली. मी म्हटलं, "जरा आत." ते म्हणाले, "ताई, आमचं काम दारापर्यंत." आणि गेले. मग जुन्या चादरीवर ठेवून मी ती बाबांच्या खोलीपर्यंत ओढत नेली. बाबा बाजूने "हळू, हळू" म्हणत चालत होते. आपणही ओढली अशी त्यांची समजूत आहे.

आता हिचा धूर जुन्या धुराड्यात सोडायचा. थंडी पडायच्या आत. दादाने फोनवर सरळ सांगितलंय, "त्या बर्फाच्या पेटीत बाबांना ठेवू नकोस. इकडे पाठव." बाबा म्हणाले, "थंडी पडू दे, मग बघू." मग बघू म्हणजे जाणार! आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच. तेही गेले तर मी कुणाशी भांडू? भिंतींशी?

जाऊ देणार नाही. खोली गरम करणार.

६ नोव्हेंबर

शेगडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका वाचली. पुन्हा वाचली. "लाकडी भिंतीपासून पुरेसे अंतर ठेवा." पुरेसं म्हणजे किती ते पुढच्या पानावर आहे, पण पान उलटेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर घर जळून गेलं होतं. टेपने मोजलं. शेगडी पुढे ओढली. शंका आली. आणखी ओढली. शेवटी ती खोलीच्या मधोमध. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "आणि मी कुठे झोपू? वर?"

उद्या भिंतीवर पत्रा लावायचा. मागे हवा खेळायला फट सोडून. मग शेगडी जरा मागे नेता येते — असं पुस्तिकेत आहे. मी कुठलीच गोष्ट माझ्या जबाबदारीवर करत नाही!

७ नोव्हेंबर

पत्रा लावला. तिरका.

९ नोव्हेंबर

धुराडं साफ करणारा आला. छपरावरून ओरडला, "ताई, खाली बादली!" मी बादली धरली. ती नुसती ठेवायची होती. काजळी, काटक्या, पाखराचं अख्खं जुनं घरटं — सगळं माझ्या केसांत.

खाली उतरून माझ्याकडे बघून हसला नाही. त्यामुळे जास्तच लाज वाटली. म्हणाला, "आतून कुठे तडा नाही. फक्त भिंतीतल्या भोकात पाइप फार आत ढकलू नका. पलीकडच्या विटांना टेकला की धूर कोंडणार आणि खोलीत येणार." मी हे हातावर लिहून घेतलं. मग हात धुतले!

१० नोव्हेंबर

दुपारी पाइप जोडले. माझी हुशारी इथे लिहून ठेवते.

प्रत्येक पाइपचं एक टोक चुण्या पाडून जरा निमुळतं केलेलं असतं. ते टोक दुसऱ्या पाइपच्या आत बसतं. तर चुण्या वर ठेवायच्या की खाली? बाबा जन्मभर प्लंबर. मी शाळेत उशिरा गेले, आधी घरीच शिकले — आईकडे वाचन, बाबांकडे पाइप. बाबांचा पहिला धडा होता, "वरचा पाइप खालच्याच्या आत. म्हणजे पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही." पण धूर तर वर जातो! म्हणून मी उलटं केलं. खालचा वरच्याच्या आत. काय डोकं! प्रत्येक सांध्याला स्क्रूही मारले.

बाबा तेव्हा झोपले होते. मुद्दामच त्या वेळी केलं. एकदा तरी त्यांना आयतं दाखवायचं होतं.

१२ नोव्हेंबर

पहिला जाळ. नवा रंग तापला की वास सुटतो, खिडक्या उघडा, असं पुस्तिकेत होतं. उघडल्या.

आमच्या घरची एक पद्धत आहे. कुठलंही काम पुरं झालं की त्याला बाबांचं नाक लागतं. गॅसची नळी असो, वायरिंग असो, दूध असो. बाबा डोळे मिटून हुंगतात आणि म्हणतात, "पास." त्याशिवाय मला झोप नाही. आजही खुर्ची मांडली. बाबांनी पाइपजवळ नाक नेलं, डोळे मिटले. इकडे रंगाचा असा भपकारा सुटलेला की माझ्या डोळ्यांतून धारा. शेजारच्या काकू खिडकीतून ओरडल्या, "काय जळलं गं?"

बाबा म्हणाले, "पास! वासाचा मागमूस नाही."

मी बघतच राहिले. मग आत जाऊन फिनेलची बाटली आणली, उघडली, त्यांच्या नाकाखाली धरली.

"पाणी," बाबा म्हणाले. मग डोळे उघडून लेबल वाचलं. "फिनेल."

मग सांगितलं. आई असताना त्यांना तो मोठा ताप आला होता, त्यानंतर वास गेला, तो परत आलाच नाही. आईला माहीत होतं. "तुला कशाला सांगायचं? तू तशीही दहादा गॅस बघून येतेस."

म्हणजे इतके दिवस मी ज्या नाकाच्या भरवशावर झोपले, ते नुसतं चेहऱ्यावर होतं! मागे त्यांनी पास केलेलं दूध चहात फाटलं होतं. तेव्हा मी दोष चहापत्तीला दिला. दुकानात जाऊन भांडलेसुद्धा.

१३ नोव्हेंबर

पाइपच्या दुकानातल्या बाईंकडून विषारी वायूचा गजर आणला. त्या म्हणाल्या, "धुराचा वास तरी येतो. जीव घेणाऱ्या वायूला वासच नसतो. कितीही तिखट नाक असू दे."

बाबांना सांगितलं तर केवढे खूश! "म्हणजे माझं नाक तुझ्याइतकंच निकामी!"

गजर त्यांच्या पलंगाजवळ लावला. बटण दाबून वाजवून पाहिला. शेजारच्या काकू पुन्हा खिडकीत.

१५ नोव्हेंबर

लिहायची लाज वाटते. शेगडी पेटवली आणि थोड्या वेळाने सांध्यांतून काळे थेंब बाहेर आले. डांबरासारखे. पाइपवरून ओघळ, जमिनीवर डाग.

बाबा म्हणाले, "पाणी कुठे चाललंय?"

"पाणी नाही बाबा, धूर आहे."

"लाकडातलं पाणी, धुरातला चिकटा. वर गार होतं आणि पाइपमधून खाली येतं. वरचा पाइप खालच्याच्या—"

"आत," मी म्हटलं. पहिलाच धडा!

"नाक गेलंय गं माझं. डोकं आहे अजून. विचारायचंस तरी."

१७ नोव्हेंबर

पाइप गार होते, सगळे काढले. पुसले, फिरवले, पुन्हा जोडले. बाबांनी हात लावला नाही. खुर्चीवर बसून टॉर्च मारत होते. "हलवून बघ. तो ढिला आहे. काढ. पुन्हा लाव." दोनदा रडू आलं. त्यांना दिसलं, पण टॉर्च हलला नाही.

मग तोंडी परीक्षा. लहानपणी पाढे घ्यायचे तशी.

"राख कशात काढणार?"

"पत्र्याच्या डब्यात. झाकण लावून घराबाहेर."

"गजर वाजला तर?"

"आधी तुम्हाला उठवून—"

"चूक. आधी तू बाहेर. म्हण."

"बाबा, पण तुम्ही—"

"म्हण!"

म्हटलं. इतके कडक का झालेत कळत नाही. पाइप उलटे लावल्याचा राग असावा.

१९ नोव्हेंबर

थंडी पडली! आणि शेगडी तयार! शेगडीच्या हवेच्या उघड्या झडपेपाशी जळती काडी धरली, ज्योत आत झुकली. धुराडं ओढतंय. सांधे कोरडे. गजर गप्प. बाबांनी स्वेटर काढला आणि पाय लांब केले. मी पाच मिनिटं तशीच उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "बस आता, पहारेकरी."

दादाला फोन करून फुशारकी मारली. "बाबांना इथे घाम फुटलाय!" तो म्हणाला, "छान केलंस गं." जळला असणार!

२० नोव्हेंबर

सकाळी बाबा म्हणाले, "रविवारी दादाकडे निघतो. त्याला म्हटलं होतं, तिची शेगडी नीट पेटली की येतो. आता मला तुझी काळजी नाही."

मी म्हटलं, "चहा गार होतोय तुमचा."