सहावा फर्मा

६ डिसेंबर, रविवार

तिला नेलं त्याला आज चार दिवस झाले. रुग्णवाहिकेत आपल्या पायांनी चढली. चढताना मागे वळून काय म्हणाली, तर — "झाडाचा खोका माळ्यावर आहे. मधली फांदी जपून काढा, गेल्या वर्षी निखळली होती." नाताळाला तीन आठवडे अवकाश, छातीत शिट्टी वाजतेय, आणि हिला फांदीची काळजी. मी "बरं" म्हणालो. बावन्न वर्षांच्या संसारात निरोप म्हणून काय सुचलं, तर "बरं".

आत कोणालाच सोडत नाहीत. दिवसातून एकदा, अकराच्या सुमारास, तिथली नर्स मुलाला फोन करते. खणखणीत आवाज. आपसात आम्ही तिला 'घंटा' म्हणतो. आजची घंटा अशी — ताप उतरला, प्राणवायू चालू, बोलायला मनाई. पेशंटने कागदावर लिहून निरोप दिलाय, चष्मा पुसायचा रुमाल पाठवा.

रुमाल कपाटात सापडला. त्याच्याखाली तिचा पत्र्याचा डबा. त्याला मी हात लावला नाही.

८ डिसेंबर

सूनबाई औषधांच्या दुकानात काम करते. दुकान बंद ठेवता येत नाही. नोव्हेंबरात तिला दोन दिवस सर्दी झाली होती, तेवढंच. पण आजार आपणच घरात आणला असं तिने मनाशी पक्कं धरलंय. घरी आली की कोपरापर्यंत हात घासते. साल निघायची वेळ आली. जेवण वेगळं, जिन्याच्या वरच्या पायरीवर.

आज मीही ताट घेऊन जिन्यात गेलो आणि खाली बसलो.

"बाबा, लांब बसा."

"लांबच आहे. मोज, सहा पायऱ्या."

तिने भात नुसता चिवडला. मग म्हणाली, "आई माझ्यामुळेच —"

"तुझ्यामुळे, की भाजीवाल्यामुळे, की मी हट्टाने वाचनालयात गेलो त्यामुळे? आजाराने काही पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिलेला नाही."

हसली नाही. पण ताटातलं संपवलं.

११ डिसेंबर

पलंगावर तिच्या बाजूला मी वर्तमानपत्र पसरून ठेवतो. जागा रिकामी दिसत नाही.

१३ डिसेंबर, रविवार

टाचणीने आज मला कोंडीत पकडलं. टाचणी म्हणजे नात. वय आठ, अंगाने काडी, बोलणं टोचरं.

"आजोबा, यंदा कवितेचं काय? तुमचा अर्धा तुम्ही म्हणाल. आजीचा अर्धा कोण म्हणणार?"

"आजीच म्हणेल. येईल तोवर."

"आणि नाही आली तर?"

मुलगा वायरचं भेंडोळं सोडवत होता — तो वीजतंत्री, झाडावरचे दिवे दर वर्षी त्याच्याकडे. "गप ग," म्हणाला. पण प्रश्न काही गप बसला नाही. दिवसभर माझ्याबरोबर घरभर फिरला.

कवितेची गोष्ट इथे लिहून ठेवतो. लिहिताना ती जवळ असल्यासारखं वाटतं.

मी बाइंडिंगच्या कारखान्यात लागलो तेव्हा आमच्याकडे शाळेची पुस्तकं यायची. फर्मा म्हणजे छापील कागदाला घड्या घालून होतात ती सोळा पानं. एकेका टेबलाला एकेक फर्मा. माझं टेबल पाचव्याचं. हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, पुढचा कागद ओढायचा. त्या वर्षी चौथीच्या पुस्तकाची पासष्ट ते ऐंशी एवढीच पानं मी हजारो वेळा पाहिली. पहिली चौसष्ट पानं कशाबद्दल होती, देव जाणे. ऐंशीव्या पानावर एक कविता —

दूर तिकडे डोंगराआड
दिवा एक लुकलुके,
थकला जरी वाटसरू
पाऊल त्याचे ना चुके.

झोंबे वारा, बोचे थंडी,
अंधार आला भरभरून,
कोण उभे ते दारापाशी
दिव्यापुढे हात धरून?

— आणि पान खलास. माझ्या जिवाला घोर लागला. कोण उभं होतं? एक दिवस घड्या घालता घालता मी हे मोठ्याने म्हणत होतो, तर शेजारच्या टेबलावरून, मान वर न करता, एक मुलगी म्हणाली, "पुढचं माझ्याकडे आहे." तिचं टेबल सहाव्या फर्म्याचं! हात चालूच. हळू आवाजात तिने पुढची दोन कडवी म्हणून दाखवली. मला वाटलं, छपाईत अशी कविता दोघांत वाटली जावी, हा काही उगाच योग नाही.

पुढचं कडवं ऐकायला मिळावं म्हणून मी लग्न केलं, असं मी सगळ्यांना सांगतो. त्यात फार खोटं नाही.

शाईने डागाळलेले फर्मे घरी न्यायची मुभा होती. माझा पाचवा माझ्या खणात आहे, ऐंशीव्या पानाच्या तळाला काळा डाग. तिचा सहावा तिच्या डब्यात, शिवणीच्या दोऱ्याने बांधलेला. दोन्ही एकत्र शिवून टाकू, असं मी कितीदा म्हटलं. "राहू द्या. शिवलं की संपलं," म्हणायची. आणि तिच्या डब्याला कोणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. मीही तो मोडलेला नाही.

दर नाताळाच्या आदल्या संध्याकाळी, झाडावरचे दिवे लावायच्या आधी, मी माझा अर्धा म्हणतो, ती तिचा. मग दिवे लागतात. खरं तर मला अशा कवितांचं वेड. तिला नाही. मी चहा निवेपर्यंत ओळी घोळवत बसलो की म्हणते, "चालू द्या तुमचं गुऱ्हाळ."

१७ डिसेंबर

झाड उभं केलं. मधली फांदी निखळलीच.

टाचणीने हुकूम सोडला — आजीचा अर्धा सगळ्यांनी मिळून आठवायचा, मी वहीत लिहून घेते. सूनबाई जिन्यातून, आम्ही खालून. मोठीच गंमत झाली.

मुलगा म्हणाला, "सोपं आहे. 'ओले बूट चुलीपाशी, वाळत घाली रांगेत कुणी.' लहानपणी पाठ होतं मला."

"बूट?" सूनबाई म्हणाली. "बूट कुठून आले? 'नवी पावले उंबऱ्यात, आणखी एक ताट मांडा.' मी या घरात आले त्या वर्षी ऐकलं, मला रडू आलं होतं."

"ताट नाही त्यात."

"बूट नाहीत त्यात. आई काय चपलांचं दुकान सांगतायत?"

मला आठवतं ते तिसरंच. पाळण्याची दोरी होती. छप्पर गळत होतं. दर वर्षी मला वाटायचं, हे कडवं गेल्या वर्षी नव्हतं. विचारलं की ती म्हणायची, "तुमचं लक्ष कुठे असतं?" खरंच आहे. माझं लक्ष तिच्या तोंडाकडे असायचं. शब्द निसटून जायचे.

सूनबाईने फोनवरही शोधून पाहिलं. एवढ्या जुन्या पुस्तकाचा मागमूस नाही.

टाचणीने वही मिटली. "तुमच्यापैकी एकालाही येत नाही. आजीचा डबा उघडा ना."

"नाही," मी म्हणालो. जरा जोरातच निघालं. पोरगी दचकली.

१८ डिसेंबर

टाचणीची समजूत घातली. खरं कारण सांगता आलं नाही, ते इथे लिहितो. तिचा अर्धा तिच्यावाचून म्हणता येतो असं एकदा झालं, की मग ती आली नाही तरी चालेल असं होतं. डबा उघडणं म्हणजे ते कबूल करणं. वेडगळ आहे. असो.

२० डिसेंबर

घंटा वाजली — जेवण निम्मं गेलं. झाडाची फांदी नीट आहे का, असं कागदावर विचारलंय. "नीट आहे" असं कळवलं. मग तारेने बांधली.

२२ डिसेंबर

आज घंटा सकाळी सातलाच. प्राणवायू वाढवला. तोंडावर मोठा मास्क. डॉक्टर स्वतः बोलले. मुलाने फोन ठेवला आणि दिव्यांच्या माळेतला एकेक बल्ब काढून पुन्हा बसवत राहिला. सगळे चालू होते.

सूनबाई आज जिन्यात बसली नाही. तोंडाला फडकं बांधून खाली आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. मी पायऱ्या मोजायला सांगितल्या नाहीत.

२३ डिसेंबर

घंटेने मोठं मन केलं. उद्या संध्याकाळी चार वाजता ती फोन पेशंटच्या कानाशी धरणार आहे. पाच मिनिटं. "त्यांनी फक्त ऐकायचं. बोलल्या तर मी फोन बंद करेन, आधीच सांगते."

म्हणजे कविता उद्या चार वाजता. आणि तिचा अर्धा तिने म्हणायचा नाही.

दुपारी सगळे आपापल्या कामात असताना मी कपाट उघडलं. डबा काढला. पलंगावर, वर्तमानपत्रावर ठेवला. झाकणाला बोट लावलं. उद्या तिच्या कानात तिची कविता पूर्ण ऐकू जायला हवी — कदाचित शेवटचीच. मग उघडायला नको? एवढं साधं आहे. पण हात पुढे जाईना. अर्धा तास तसाच बसलो. डबा जागेवर ठेवला.

सकाळी टाचणीला सांगितलं होतं, उघडेन. संध्याकाळी सांगितलं, नाही जमलं. ती रागावली नाही. माझ्या बाहीला धरून नुसती उभी राहिली.

२४ डिसेंबर, गुरुवार

सगळं नीट लिहितो. एकही शब्द सुटता कामा नये.

चारला पाच कमी असताना आम्ही चौघं झाडाभोवती बसलो. दिवे बंद. फोन स्टुलावर, आवाज मोठा केलेला. घंटा म्हणाली, "धरलाय कानाशी. बोला." मागे यंत्राचा सूंऽ सूंऽ असा आवाज. तो तिचा श्वास असावा.

मी सुरू केलं. "दूर तिकडे डोंगराआड..." आवाज फाटला, पण नेला कसाबसा. "कोण उभे ते दारापाशी, दिव्यापुढे हात धरून?" आणि थांबलो. बावन्न वर्षांची सवय — तिथे थांबायचं असतं. पुढे माझं पान नाही.

नुसता सूंऽ सूंऽ.

मुलगा भिंतीकडे बघत होता. सूनबाईने तोंडावरचं फडकं घट्ट धरलं होतं. तेवढ्यात टाचणी फोनवर ओणवी झाली आणि म्हणाली, "आजी उभी, आजी उभी... आजी उभी दारापाशी... आणि तिच्या हातात दिवा, आणि... आणि फांदी मोडली झाडाची."

"अगं," सूनबाई पुटपुटली.

मग मुलगा बूट म्हणाला. सूनबाई ताट म्हणाली. मी मध्ये पाळणा घुसवला. एकाच वेळी तिघं. कविता कसली, बाजारच झाला!

"एक मिनिट," घंटा म्हणाली. "त्या मान हलवतायत. नाही, नाही म्हणतायत. — अहो, मास्क काढू नका. आजी, हात खाली —"

काहीतरी खरखरलं. आणि मग ती. आवाज तिचाच होता, अगदी कागदासारखा पातळ.

"तसं नाही ते."

एक श्वास. मग दुसरा. मोजले मी.

"दिवा तेवढा... लावून ठेवा... बसू नका... उगा उपाशी."

"झालं, झालं," घंटा म्हणाली. मास्क बसवल्याचा आवाज. मग घंटेचा सूर जरा वेगळा लागला. "बंद करते आता. हसतायत त्या. डोळ्यांनी."

मुलाने उठून बटण दाबलं. झाड उजळलं. मग आम्ही चौघं एकाच टेबलावर, खिडक्या सताड उघड्या टाकून, कुडकुडत जेवलो. उगा उपाशी बसायचं नव्हतं.

या ओळी मात्र मला आठवत नव्हत्या. माझं लक्ष कुठे असतं, तेच खरं.

२५ डिसेंबर

घंटा म्हणाली, "रात्र बरी गेली." एवढंच. पण हेच वाक्य टाचणीने घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं येऊन सांगितलं.

२७ डिसेंबर, रविवार

प्राणवायू निम्म्यावर. मोठा मास्क गेला. चमच्याने नव्हे, हाताने जेवली. सूनबाई दुकानातून आली, हात धुतले — एकदाच — आणि निरोप ऐकला. "सूनबाईला सांगा, माझी शाल ऊन पाण्यात घालू नको, आटते." ऐकून हसता हसता रडली.

डॉक्टर म्हणतात, गुरुवारी घरी.

टाचणीला आजी येण्याआधी तिचा अर्धा पाठ करायचाय. खरा, पुस्तकातला. "आता तरी?" म्हणाली. आता कसली भीती? ती येतेच आहे. उद्या बघतो म्हणालो.

२८ डिसेंबर

डबा उघडला. दोरा सोडला. सहावा फर्मा, पान एक्याऐंशी — 'विहिरीची निगा कशी राखावी'. धडा. सोळाही पानं दोनदा पाहिली. कविता कुठेच नाही. ती माझ्याच पानावर संपली होती.

टाचणीला सांगितलं, शाईचा डाग पडलाय, वाचता येत नाही, आजीलाच विचार.

आता तिच्यासारखी गाठ मारतोय. ती डावखुरी आहे. तीनदा सोडली, पुन्हा बांधली. गुरुवारच्या आत जमायला हवी.