भोंगा न वाजता

बाबा, तुमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत फाटली आहे. पडलेली नाही, फाटली आहे. शब्द नेमका वापरावा, हे तुम्हीच शिकवलेत, आणि त्या शिकवणुकीवर मी आयुष्यभर इतरांचे कान उपटत आले. विद्यार्थी ‘जमीन हादरली’ असे लिहितात तेव्हा मी समासात विचारते, कशामुळे? किती वेळ? कोणत्या दिशेने? त्यांना मी आवडत नाही. मलाही ते फारसे आवडत नाहीत.

भूपट्ट सरकतात हे मला तुमच्या शाळेत नव्हे, त्या भिंतीपाशी कळले. तुम्ही गावात भूगोल शिकवायचात, आणि घरी पुन्हा तोच. मी आठवीत आहे. आई अंगणात तांदूळ पाखडते आहे, आणि तुम्ही निवलेल्या पेजेचा गंज पुन्हा मंद आचेवर चढवून मला जवळ बोलावता. पेजेवर जाड पापुद्रा धरला आहे. खालून ऊब लागते तसा तो तडकतो आणि त्याचे तुकडे हळूहळू वाहू लागतात. ‘हे पाय, इथी दोन तुकडे दूर होऊन राह्यले, मंधातून गरम पेज वर आली. अन् इथी एकमेकाले रेटून राह्यले, सुरकुती पडली. हा तुया हिमालय.’ एक तुकडा दुसऱ्याच्या खाली दबतो. ‘खऱ्या पृथ्वीत असा तुकडा खाली जाते, तिथला खडक वितळते, अन् वाट भेटली का वर उसळते. तो ज्वालामुखी.’ मग भूकंप? तुम्ही दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून रेटता. हात अडतात, थरथरतात, आणि एकाएकी निसटतात. ‘सरकणं म्हणजे भूकंप नाई. अडून राह्यलेलं सुटते, तो भूकंप.’

पुढे विद्यापीठातून सुटीवर आले तेव्हा मी तुमची चूक काढली. पेज पातळ असते, आणि भूपट्टांखालचा थर घन खडकाचा असतो. तो तापलेला असल्यामुळे युगानुयुगे सावकाश वाहतो, एवढेच. चष्मा पुसत तुम्ही म्हणालात, ‘मंग तू तुया पोराईले दगड शिजवून दाखव.’ आई इतकी हसली की तिच्या हातातले तांदळाचे सूप कलंडले.

तुमची एकच ताकीद मला खरी लागली. एकदा मी उत्तरपत्रिकेत लिहिले होते की पृथ्वी कोपते तेव्हा भूकंप होतो. शेजारच्या म्हातारीकडून ऐकलेले. भरवर्गात तुम्ही मला उभे केलेत. ‘पृथ्वीले राग नाई अन् लोभबी नाई. कारण सांग.’ मी रडले, तरी बसू दिले नाहीत. घरी आल्यावर मात्र कोरपन्याच्या रस्त्यावरून आणलेला एक काळा दगड माझ्या हातावर ठेवलात. लाव्हा निवून झालेला. तो आज माझ्या टेबलावर आहे. ज्याला राग नाही त्याची विनवणीही करता येत नाही, हे तुम्ही तेव्हा सांगितले नाहीत. ते मला या वर्षी कळले.

तुम्ही गेलात तेव्हा कोळशाची खाण नाल्यापलीकडे होती. आता ती गावातल्या विहाराच्या मागे आली आहे. रोज दुपारी भोंगा वाजतो, मग खाणीत सुरुंगाचा बार उडतो, भांडी वाजतात, आणि कोणी मानही वर करत नाही. लहानग्यांनाही पहिला शब्द ‘बार’ येतो की काय, असे वाटावे. आपण भूपट्टाच्या काठावर नाही, मधोमध आहोत, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण हा पट्ट उत्तरेकडे रेटला जातो आहे, तो ताण आतवर पोचतो, आणि जिथे जुनी फट असेल तिथे साठतो. प्राणहिता-गोदावरीचे खोरे ही तशीच फट. एक प्राचीन खंड इथे दुभंगू लागला आणि दुभंगता दुभंगता थांबला. त्या खचलेल्या खोलगटात जंगले गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. जगाने त्या खंडाला नाव दिले ते आपल्याच गोंडवनाचे. ज्या फटीने कोळसा दिला तीच कधीतरी हलणार, आणि कोळसा काढताना इतकी वर्षे हादरे बसले आहेत की ती हलली तरी इथे कोणाला समजणार नाही. याहून सुसंगत आणि याहून निर्दय रचना मी कुठल्याही ग्रंथात वाचलेली नाही.

धाकट्या भावाला त्या घरातून बाहेर काढायला मी गेले होते. तो, त्याची बायको आणि मुलगी त्याच मागच्या भिंतीखाली खाटा टाकून झोपतात. खाणीसाठी गाव उठवणार म्हणतात, पण केव्हा ते कोणी सांगत नाही, आणि आधी निघाले तर भरपाईच्या यादीतून नाव कटेल, ही त्याची धास्ती. मग निदान खाटा तरी पुढच्या खोलीत घ्या, मी म्हटले. आणि संध्याकाळभर समजावले की बार भोंग्यानंतर येतो, दुपारी येतो आणि एका दणक्यात संपतो. भोंगा न वाजता जमीन हलली, आणि हलतच राहिली, तर तो भूकंप. हातातले टाकून अंगणात या.

‘ताई, इथी रोज हालते,’ भावजय म्हणाली. ‘रोज अंगणात पळालो तं भात कोण पाह्यन?’

‘तिचा भात तसाबी करपते,’ धाकटा म्हणाला. ‘आता भूकंपाचं निमित्त भेटन.’

तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी हसले नाही. विषय गंभीर असताना मी हसत नाही. पण मी उठेपर्यंत त्याने खाटा पुढच्या खोलीत ओढल्या होत्या. ‘झालं समाधान, मास्तरीणबाई?’ मला जिंकल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो. विहारातून वंदनेचा आवाज येत होता. मांडणीवरच्या ताटल्या किणकिणल्या, मग कपातला चहा डोलू लागला, आणि थांबेना. भावजय चुलीपासून अर्धी उठली, पोरीकडे हात केला. ‘बार होय. बसा,’ कोणीतरी म्हणाले. ती बसली. आम्ही सगळे बसून राहिलो, आणि आमच्या पाठीमागे भिंत छतापासून जमिनीपर्यंत उघडली, हात आत जाईल एवढी. ती कोसळली नाही. तिच्या त्या उपकाराला काहीही कारण नाही, बाबा. मी शोधले.

थोड्या वेळाने शेजारी फोन घेऊन धावत आला. भूकंप होता. दूर दक्षिणेकडे झालेला, पण आपल्या साऱ्या मुलखाला जाणवलेला. धाकट्याने त्या फटीत हात घालून पाहिला. त्याने मला टोमणा मारला नाही. मारला असता तर मला उत्तर देता आले असते. तो फक्त म्हणाला, ‘तुले नाई समजलं तं आमाले का समजन, ताई?’ आणि दुपारी, भोंगा वाजण्याआधी, त्याने खाटा उचलून पुन्हा मागच्या भिंतीखाली नेल्या. तिकडे वारा लागतो, म्हणाला. मी दारात उभी होते. खाट जाऊ द्यायला मी बाजूला झाले.

तेव्हापासून तुमचे तळहात आठवतात. अडून राहिलेले कधीतरी सुटतेच. मी आणि तो, दोघेही अडून आहोत, आणि मध्ये ती भिंत आहे.

हे पत्र कुठे जाणार नाही, तरी सवयीने मी ते दोनदा तपासले. तुमच्या आणि घरच्यांच्या तोंडची वाक्ये होती तशी राहू दिली, माझी सगळी प्रमाण भाषेत आहेत. एक वाक्य मात्र मी कोणाच्याच नावावर घातले नव्हते, त्या सकाळी चहाच्या वेळचे, तीन शब्दांचे. ते माझे आहे.