काळ्या वायरचं दुसरं टोक

२ फेब्रुवारी

चि. खारुताई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. माझी तब्येत उत्तम आहे, तब्येत बिघडली आहे ती इंटरनेटची. सलग तीन रविवार मी सहाच्या ठोक्याला दाढी करून, धुतलेला सदरा घालून संगणकापुढे बसलो. पडदा लागतो, तुझा फोटो येतो, मग एक गोल फिरत राहतो. पाऊण तास त्या गोलाकडे बघितलं की माणूस ध्यानाला बसल्यासारखा शांत होतो. तसा मी शांत होऊन उठलो आणि स्वयंपाकाला लागलो.

तू फोन केला होतास ते शेजारच्या शिंपीणबाईंनी सांगितलं. मी उचललाही होता, पण तुझं एक अक्षर कळलं नाही. छापखान्याच्या यंत्रांनी तीस वर्षांत माझे कान पोखरले. फोनमध्ये नुसती घरघर येते. पडद्यावर तुझे ओठ हलताना दिसतात म्हणून तू मला ऐकू येतेस. त्यामुळे आता पत्र हाच इलाज.

शिशाचे खिळे लावून अक्षरं जुळवायचं काम संपल्यापासून छापखान्यात मला मुद्रितं तपासायला बसवलं आहे. नवीन मुलं संगणकावर पानं लावतात आणि ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत फार उदार आहेत. मी लाल शाईने पान रंगवतो. ती हसून मला हेडमास्तर म्हणतात. ऐकू येत नसलं तरी ओठांवरून कळतं.

मनात एकच धास्ती आहे. २३ मार्चला तुझ्या आईला जाऊन वर्ष होईल. परदेशातून येण्याइतकी रजा तुला नाही, हे मी मान्य केलं आहे. पण त्या संध्याकाळी तू तिथे आणि मी इथे, पडद्यावर समोरासमोर बसून तिची प्रार्थना म्हणायची असं ठरलं होतं. ते तरी चुकू नये. मला एकट्याला ती म्हणवत नाही. शेवटची ओळ आली की अडखळतो. "उजेड राहो तुझ्या घरी" अशी ती ओळ, आणि ही बाई जन्मभर "माझ्या घरी" म्हणत राहिली. पंचवीस वर्षं मी दुरुस्त केलं. तिचं म्हणणं, देवाच्या घरी उजेडाला काय तोटा, गरज आपल्याकडे आहे.

काय करायचं ते सविस्तर कळव. मला अडाणी समजूनच लिही.

लोभ आहेच, तो पत्रानेही पोचतो का ते बघू.
तुझा,
बाबा


१२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वॉर्डात, दुपारच्या पाळीला मिळालं. उघडायच्या आधी जिन्यात जाऊन पायरीवर बसले. पुढच्या वेळी पाकिटावरच "सर्व ठीक" असं लिहीत जा, नाहीतर एखाद्या दिवशी मलाच माझ्या वॉर्डात भरती करावं लागेल.

आमच्या रुग्णालयात संगणक दुरुस्त करणारे एक मराठी काका आहेत. दोन्ही हात टेबलाखाली आणि तोंडात विजेरी, म्हणून आपल्याकडच्या सगळ्या नर्सेस त्यांना टॉर्चकाका म्हणतात. त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं असं, की दुखणं कुठे आहे ते आधी शोधायचं, औषध नंतर. म्हणून या क्रमाने बघा.

आधी संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. मग त्याच्या पाठीमागे करडी वायर जिथे खोचली आहे तिथे बारीक हिरवा दिवा लागतो का पाहा. ती वायर काढून टक्क आवाज येईपर्यंत परत खोचा. (आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, बोटाला कळेल.) बाहेरची लाइन ठीक आहे का, ते कंपनीच्या माणसाला बोलावून तपासून घ्या. आणि शेवटी आईच्या शिवणाच्या खोलीत टेबलाखाली तो हब आहे, मी बसवलेली काळी डबी. सगळ्या वायरी तिथे एकत्र येतात. ती बंद करून, आईची प्रार्थना म्हणायला लागतो तेवढ्या वेळाने सुरू करा. तिच्यावरचे दिवे कसे लागतात आणि कुठल्या भोकात कुठली वायर आहे ते जसंच्या तसं लिहा. टॉर्चकाकांना तेच हवं आहे.

इथे थंडी आहे. खोलीत माझ्याशिवाय बोलणारा एक फ्रिज आहे. तुम्ही नीट जेवता का? स्वयंपाकाला लागलो असं लिहिता, पण काय केलं ते लिहीत नाही.

२३ तारखेची काळजी करू नका. शेवटची ओळ मला बरोबर येते, हेडमास्तर.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
खार


२० फेब्रुवारी

चि. खारुताई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावर "सर्व ठीक" लिहिलं आहे. पोस्टातल्या बाईंनी ते वाचून, छान झालं, असं म्हटलं.

तू सांगितलेलं सगळं केलं. संगणक बंद करून सुरू केला, तीनदा. पाठीमागे हिरवा दिवा लागतो, नुसता लागत नाही तर तापातल्या नाडीसारखा उडत असतो. करडी वायर काढून परत बसवली, बोटाला टक्क कळलं. पडद्याच्या कोपऱ्यात जोडलेलं आहे असंच लिहून येतं. जोडलेलं आहे आणि काहीच येत नाही, हे कसं काय असू शकतं ते टॉर्चकाकांना विचार.

कंपनीचा माणूस येऊन गेला. खांबापासून खिडकीपर्यंत लाइन ठणठणीत आहे म्हणाला. मग त्याने आतली डबी बघू द्या म्हटलं. मी म्हटलं उद्या या. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी छापखान्यात होतो.

जेवणाचं विचारलंस. भात, आमटी, कधी भाजी. दोघांच्या अंदाजाने तांदूळ घेतला जातो आणि मग सकाळी तोच फोडणी देऊन खातो. हात अजून शिकलेला नाही.

शिंपीणबाई आईचं शिलाई यंत्र विकणार का विचारत होत्या. त्यांना यंत्र हवं असावं, किंवा मी दोन शब्द बोलावं असं वाटत असावं. मी नुसती मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यांनाही कळलं नसावं आणि मलाही नाही.

सकाळी देवापुढे बसतो. मागत काही नाही. पूर्वी बसलो की स्वयंपाकघरातून आईची काही ना काही टिप्पणी यायची आणि मी चिडायचो, की बाई, पाच मिनिटं शांतता दे. आता हवी तेवढी शांतता आहे.

आठवण ठेव असं लिहीत नाही, ठेवतेसच.
तुझा,
बाबा


१ मार्च

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र टॉर्चकाकांनी दोनदा वाचलं. ते मान हलवून म्हणाले, की तुझे वडील फार नीट माणूस आहेत, सगळं लिहिलं आहे, फक्त हबचं नाही. मी त्यांना सांगितलं, राहिलं असेल. पण बाबा, ज्या माणसाने दुसऱ्याच्या पानावर राहिलेला अनुस्वार आजवर सोडला नाही, त्याच्याकडून अख्खी खोली राहून जात नाही.

रागावू नका. तुम्ही तिकडे जात नाही, हे मला पडद्यावर दिसायचं. तुमच्या पाठीमागे ते दार असायचं आणि ते कायम लोटलेलं असायचं. आईचा लहान संगणक मावशीला द्यायचा होता, तेव्हाही मीच आत जाऊन काढून आणला. तुम्ही अंगणात झाडांना पाणी घालत होतात. पाऊस पडत असताना.

माझंही ऐका. इथे रविवारी दुपारी मी चहा करते, पडदा उघडते आणि अर्धा तास माझ्याच तोंडाकडे बघत बसते, कारण तुमचं येत नाही. मग कप धुते. आठवडाभर मी पंचवीस माणसांना कसं वाटतंय असं विचारते. मला ते विचारणारे तुम्ही एकटेच आहात. २३ तारखेला मी माझ्या तोंडाकडे बघत ती प्रार्थना म्हणू शकणार नाही.

म्हणून एकदाच आत जा. डबी बघा, लिहा आणि बाहेर या. बाकी काही आवरू नका, काही हलवू नका. दिवसा जा.

तुमच्या रागासकट लोभ हवा आहे.
तुमची,
खार


७ मार्च

चि. खारुताई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

राग आला नाही. पाणी घालत होतो तेव्हा पाऊस होता, हे मात्र तू लिहायला नको होतंस.

आज रजा होती. अकरा वाजता आत गेलो. खरं सांगायचं तर तू समजतेस तसा वर्षभर अजिबात गेलो नाही असं नाही. जानेवारीत एकदा गेलो होतो, जाड पांघरूण काढायला. दोन मिनिटं असेन. आज तासभर होतो. खिडकीच्या गजावर तिची टेप अजून लटकते आहे. यंत्राच्या सुईत निळा दोरा ओवलेला आहे, म्हणजे पुढचं काहीतरी शिवायचं होतं. मी खाली जमिनीवर बसलो आणि तू म्हणालीस तसं फक्त डबीकडे बघितलं.

आता टॉर्चकाकांसाठी जसंच्या तसं. डबीला पाच भोकं. पहिल्यात खिडकीतून येणारी बाहेरची वायर. दुसऱ्यात माझी करडी. तिसऱ्यात आईची काळी. चौथ्यात त्याच काळीचं दुसरं टोक. पाचवं रिकामं. कुठेही काही सुटलेलं नाही, सगळं व्यवस्थित बसलेलं आहे. दिवे मात्र सगळे एकदम उडतात, इतके भराभर की मोजता येत नाहीत. बंद करून प्रार्थनेएवढा वेळ थांबलो. मनात म्हटली, शेवटच्या ओळीपर्यंत पोचलो नाही. सुरू केल्यावर दिवे क्षणभर शहाण्यासारखे लागले, मग परत तेच.

बाहेर आल्यावर दार ओढून घेतलं, पण कडी घातली नाही.

उत्तर लवकर दे. दिवस थोडे राहिले.
तुझा,
बाबा


१४ मार्च

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र जलद टपालाने टाकते आहे. वेळेत पोचावं.

तुमची भोकांची यादी वाचून टॉर्चकाका हसले आणि मग हसायचे थांबले. काळ्या वायरची दोन्ही टोकं एकाच डबीत आहेत, हाच रोग आहे. एक टोक डबीत आणि दुसरं आईच्या टेबलावरच्या संगणकात, अशी ती होती. संगणक मी नेला, टोक जमिनीवर लोंबत राहिलं. ते चौथ्या भोकात कुणी खोचलं, हे मला विचारायची गरज नाही. अक्षराचा खिळा टेबलावर मोकळा दिसला की तो त्याच्या खणात टाकल्याशिवाय तुम्ही छापखान्यातून घरी आला नाहीत कधी. ज्याचं घर त्याला, हे तुमचंच शिकवणं.

टॉर्चकाकांनी समजावलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते. वायरीला दोन्हीकडे तीच डबी सापडली की ती जे बोलते ते फिरून तिच्याकडेच येतं. ती ते परत बोलते, ते परत येतं. बाहेरून पाहिलं तर दिवे लागलेले, गडबड चाललेली. पण डबी त्या एकाच बोलण्याने इतकी भरून जाते की दुसऱ्या कुणाचा शब्द आत शिरू शकत नाही.

मी त्यांना विचारलं, मोडलं आहे का काही? ते म्हणाले, काहीच मोडलेलं नाही. एक टोक मोकळं सोडायचं, बस.

तेवढं करा बाबा. ओढा आणि सोडून द्या, लोंबू दे. तुम्हाला ते बघवणार नाही, मला माहीत आहे. २३ला तुमच्या सहा वाजता मी पडद्यापुढे असेन. गोल फिरत राहिला तरी असेन.

तुमचा शब्द इकडे येऊ दे.
तुमची,
खार


२४ मार्च

चि. खारुताई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल आपण बोललो तरी हे पत्र लिहितो आहे, कारण काही गोष्टी पडद्यावर सांगता आल्या नाहीत.

तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. लगेच आत गेलो. चौथ्या भोकातलं टोक धरलं आणि जानेवारीतली ती दोन मिनिटं आठवली. पांघरूण काढताना ते टोक जमिनीवर पडलेलं दिसलं होतं. तिचं होतं. असं वाऱ्यावर सोडणं बरं वाटलं नाही, म्हणून जवळच्या रिकाम्या भोकात बसवलं आणि काहीतरी चांगलं केल्यासारखा बाहेर आलो. तेव्हापासून तुझं येणं बंद झालं आणि मी खांबावरच्या लाइनला दोष देत बसलो.

टोक ओढलं. दिवे एकेक करून निवले. पण ते हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. लोंबत ठेवणं माझ्याच्याने झालं नाही, ते तू ओळखलंच होतंस. मग काल सकाळी संगणक बाहेरच्या खोलीतून उचलला, शिलाई यंत्राशेजारी तिच्या टेबलावर ठेवला आणि काळ्या वायरचं ते टोक त्याला लावलं. करडी गुंडाळून खणात ठेवली. खिडकी उघडली. टेप होती तिथेच आहे, निळा दोराही.

म्हणून काल तुला माझ्या आधी ती खिडकी दिसली. तू तोंडावर हात धरलास तेव्हा मला वाटलं, परत काही बिघडलं. मग मी तिच्या खुर्चीवर बसलो आणि तू हात काढलास.

प्रार्थना मी म्हणत होतो, पण खरं तर तुझे ओठ वाचत होतो. शेवटच्या ओळीला तुझे ओठ मिटले. "तुझ्या" म्हणताना ओठ मिटत नाहीत, नुसते गोल होतात. मिटतात ते "माझ्या" म्हणताना.

लाल शाई हाताशी होती. दुरुस्त केलं नाही. मीही तसंच म्हटलं.

शिंपीणबाईंना सांगितलं, यंत्र विकायचं नाही, पण त्यांनी दुपारी येऊन त्यावर शिवायला माझी हरकत नाही.

रविवारी सहा वाजता याच टेबलावर.
तुझा,
बाबा